वालेंतीरावांचं नाव

"वालेंतीराव, खसखशीचा रोल तुमचा, भेट माझी," असं म्हणत प्राध्यापक बिएलाकांनी लेखाचा खर्डा त्यांच्या हातात दिला. लेखकांच्या यादीत शेवटी नाव होतं: वालेंती सोबेराय.

आमच्याकडे ज्याचा नामदिन, म्हणजे त्याच्या नावाच्या संताचा दिवस, त्यानेच सगळ्यांना खाऊ घालायचं. लुब्लिनच्या या प्रयोगशाळेत वालेंतीरावांनी एकतीस वर्षं खाऊ घातलं, लेसरचं यंत्र सांभाळलं, पण त्यांचं नाव छापून आलं नाही. आभाराच्या ओळीत फक्त 'तांत्रिक साहाय्य'. कोठी माझ्याकडे असल्याने कुणाला काय मिळालं नाही, हे माझ्या ध्यानात राहतं.

या यंत्रात वायूबरोबर पदार्थाची वाफ बारीक छिद्रातून निर्वातात सोडतात. ती कमालीची गारठते, रेणू एकमेकांना अलगद चिकटतात आणि लेसर पडला की उजळतात. संशोधन करणाऱ्या किंगाला आलेखात मोठ्या शिखराशेजारी एक छोटं शिखर सापडलं होतं. तिच्या पदार्थाच्या दोन रेणूंची जोडी, आजवर कुणी न पाहिलेली! लेख त्यावरच होता.

वालेंतीरावांनी मुलीला फोन करून बातमी सांगितली, खर्डा तीनदा वाचला आणि यंत्रामागे गेले. बराच वेळ आलेच नाहीत, म्हणून मी डोकावले. वायू कोरडा करणारी काचनळी त्यांच्या हातात होती. आतले निळे दाणे ओल धरून गुलाबी पडले होते. दर महिन्याला बदलायचे दाणे; चिठ्ठीवरची तारीख ऑक्टोबरची, आणि आता फेब्रुवारी होता. ऑक्टोबरातच त्यांची बायको यादविगा गेली.

"ब्रोन्याबाई, ते पाणी आहे."

"कुठलं पाणी?"

"किंगाच्या जोडीतलं. एक रेणू तिचा, दुसरा पाण्याचा. ही जोडी लोकांनी कधीच नोंदवलीय."

"मग लेख जाऊ दे, नंतर भरा दाणे. एवढ्या वर्षांत एकदा नाव येतंय, तेही सोसवेना?"

"नाव माझंच आहे ना त्यावर," ते म्हणाले आणि नवे दाणे मागितले.

दुपारी आलेख पुन्हा काढला. मोठं शिखर आलं. शेजारी सपाट रेषा.

"परत काढा," किंगा म्हणाली.

परत सपाट.

"म्हणजे चार महिने मी ओल मोजत होते?"

"चूक माझी, पोरी. मोजलीस मात्र झकास."

तिला हसू आलं नाही. बिएलाक म्हणाले, "आजच सुचलं तुम्हाला? नामदिनाला?" आणि खर्डा उचलून घेऊन गेले. रोलचे दोन तुकडे ताटलीत तसेच राहिले.

जाताना मी विचारलं, "मुलीला कळवलंत?"

"उद्या. आज खुशीत आहे ती."

मग नळीवर नवी चिठ्ठी लावायला बसले. एरवी तारीख घालून 'वा. सो.' एवढंच लिहायचे. त्या दिवशी पूर्ण नाव लिहिलं, छापल्यासारख्या अक्षरांत, आणि चिठ्ठी काचेवर अंगठ्याने दाबत राहिले.