दुपट्टा टाकलेला डबा

"रेल्वेच्या राज्यात लहान-मोठा कोणी नाही! ज्याने आधी माल नोंदवला, त्याला आधी डबा. उद्या दिल्लीचा मंत्री आला तरी तो रांगेतच उभा राहील!"

उमरटोल्याच्या स्टेशनमास्तरांनी हे खुर्चीवर उभं राहून सांगितलं. विषय तेवढ्या उंचीचा होता असं नाही. लटारूभाऊंच्या चिंचेच्या पोत्यातून निघालेला विंचू खुर्चीखाली गेला होता.

लटारूभाऊंना मात्र ते मनापासून पटलं. साल चौऱ्याऐंशी, ऊन वैशाखाचं, आणि नागभीडकडे जाणाऱ्या छोट्या लाइनीच्या या फलाटावर त्यांची चिंच काळी पडू लागली होती. इतवारीच्या बाजारातल्या व्यापाऱ्याने सांगून ठेवलं होतं, शनिवारच्या आत माल पोचला तर यापुढे चिंच तुमचीच घेऊ, नाही तर आरमोरीवाल्याची. ट्रकने धाडता आली असती. पण गावात ट्रक एकच, तो राइसमिलवाल्या सोमाजीचा. वाटेत सोमाजीच्या सोयऱ्याचं लग्न असलं की माल मांडवाबाहेर उभा राही आणि लटारूभाऊंना आहेर करावा लागे. एकदा हा डबा मिळाला, की सोमाजीच्या दारात जाणं कायमचं संपणार होतं.

मालगाडी आली. तिला एकच रिकामा डबा होता. समोरून पॅसेंजर निघून जाईपर्यंत गाडी थांबणार, तेवढ्यात तो भरायचा. गाडीचं चाक थांबायच्या आत लटारूभाऊ धावले आणि खांद्यावरचा दुपट्टा त्यांनी डब्याच्या दारातून आत भिरकावला. तालुक्यात एसटीची जागा अशीच धरतात. मालगाडीत धरू नये असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात खांद्यावर दुपट्टा टाकलेला सोमाजी ट्रक घेऊन आला. हमालांनी तांदळाची पोती फलाटावर उतरवली.

"मास्तर, सरकारले द्यायचा लेव्हीचा तांदूळ आहे. सरकारी धान्याले पाळी नसते."

मास्तरांनी खुर्चीवरूनच फळीवरचं परिपत्रक काढलं, वाचलं, चष्मा पुसला. "हेही खरं आहे."

"आत्ता तं तुम्ही मंत्र्याले रांगेत उभं केलं होतं!" लटारूभाऊ ओरडले.

"मंत्र्याला केलं. तांदळाला नाही."

"तुले डबा कायले पाह्यजे रे सोमाजी? ट्रक आहे ना तुह्याजवळ!"

"ट्रक तुह्या चिंचेसाठी मोकळा ठेवून राह्यलो," सोमाजी गोड हसला. "बुधू, चढव पोतं."

बुधू हमाल पोतं पाठीवर घेऊन दारापाशी गेला आणि तसाच परत आला. "आत दुपट्टा आहे जी."

"मंग काढून फेक."

"जागा धरली आहे ना जी कोनी. तुम्हीच काढा."

सोमाजी तणतणत दारापर्यंत गेला आणि थबकला. सावली गावच्या एसटीत त्याचा दुपट्टा सरकवून बसलेल्या सख्ख्या मेव्हण्याशी त्याने आजतागायत अबोला धरला होता, आणि हे अख्ख्या फलाटाला ठाऊक होतं. सगळे त्याच्या हाताकडे बघत होते. हात खिशात गेला.

"मास्तर, तुम्ही काढा!"

मास्तरांनी नियमांचं पुस्तक चाळलं. त्यात तूप होतं, बैल होते, प्रेतसुद्धा होतं. दुपट्टा नव्हता. "असं करा," ते म्हणाले, "अर्धा तांदूळ, अर्धी चिंच. मी वरून परवानगी काढतो."

खरं तर तिथेच सगळं मिटलं असतं. अर्धी का होईना, चिंच शनिवारच्या आत इतवारीत दिसली असती. लटारूभाऊंच्या ते ध्यानातही आलं. पण सोमाजी पुन्हा गोड हसला.

"पाळी माही आहे! याच्या पोत्याले माह्या डब्यात टेकू देणार नाई!"

"तुहा डबा? तुह्या बापानं लाइन टाकली का बे?"

"बापावर जाऊ नको, मेव्हण्याच्या वैऱ्या!"

मग जे सुरू झालं त्यात लेव्ही, पाळी, दोघांच्या सासुरवाड्या आणि मागच्या पंचायतीची निवडणूक असं सगळं आलं. पॅसेंजर आली, गेली. गार्डने हिरवी झेंडी हलवली. रिकामा डबा आतल्या दुपट्ट्यासकट नागभीडकडे निघून गेला.

मास्तरांनी नोंद केली: दोन्ही गिऱ्हाइकांनी डबा भरला नाही, सबब दोघांची नावं यादीच्या तळाशी. नोंद वाचून दाखवली तीही खुर्चीवरूनच.

फलाटावर आता चिंच होती, तांदूळ होता, आणि बाहेर सोमाजीचा मोकळा ट्रक होता. सोमाजीने ट्रकचं मागचं फळकं पाडलं. लटारूभाऊंनी एकदा नागभीडकडच्या रुळांकडे पाहिलं. मग त्यांनी बुधूला चिंचेच्या पोत्यांकडे खूण केली आणि उघड्या डोक्यावर तळहात धरून ते ट्रकपाशी आले.

"सोमाजीभाऊ," ते हळूच म्हणाले, "तुमचा दुपट्टा देता का जरासा? ऊन लय लागून राह्यलं."