दोन्ही बाजूंना एकच पावडर

"नाकाच्या शेंड्याला जरा जास्त लावा. काल फार चमकत होतं म्हणे," निवृत्त न्यायाधीश म्हणाले आणि डोळे मिटून, हनुवटी वर करून बसले.

पावडरबाईने ओला स्पंज दाबून घेतला आणि त्यांचं नाक झाकायला सुरुवात केली. नाक चांगलं ऐसपैस होतं. वाहिनीच्या मेकअपच्या खोलीत ती वर्षानुवर्षं हेच काम करत आली होती आणि तिला स्वतःचं एक नाव आहे, हे तिथे कुणाच्याही ध्यानात नव्हतं. "पावडरबाईंकडे जाऊन या," असं पाहुण्यांना सांगितलं जायचं, स्वच्छतागृह दाखवावं तसं.

शेजारच्या खुर्चीत व्यसनविरोधी संघटनेच्या अध्यक्षबाई नंबर लागायची वाट बघत मोबाइलमध्ये डोकं घालून बसल्या होत्या. गांजा कायदेशीर करावा की नाही, यावर ही दोघं गेले कित्येक आठवडे संध्याकाळच्या कार्यक्रमात एकमेकांच्या उरावर बसत होती. साहेब बाजूने, बाई विरोधात; नव्या कायद्याचा मसुदा करणाऱ्या समितीवरही दोघं होतीच. ते म्हणायचे, गांजा ही निसर्गाची देणगी आहे, माणसाच्या खासगी सुखात सरकारने लुडबुड करू नये. त्या म्हणायच्या, पिढी बरबाद होईल, घरं उद्ध्वस्त होतील. बोलता बोलता त्यांचा कंठ दाटून यायचा, तोही बरोबर कॅमेरा जवळ आला की. कार्यक्रम संपला की दोघं याच खोलीत तोंडं पुसायला यायची आणि तुमच्या गाडीतून जायचं की माझ्या, यावर लाडीक वाद घालायची. जाताना अध्यक्षबाई पर्समधून झोपेची गोळी काढून तिथेच घशाखाली ढकलायच्या. तिच्याशिवाय डोळ्याला डोळा लागत नाही म्हणे. ही जाग पिढीच्या काळजीची नव्हती, एवढं पावडरबाईला पक्कं ठाऊक होतं.

साहेबांना हा निसर्ग निवृत्तीनंतर दिसला होता. गांजाचं तेल विकायला टपून बसलेल्या एका कंपनीने त्यांना सल्लागार नेमलं आणि साहेबांना पानाफुलांची माया फुटली. त्याआधी त्यांची भाषा वेगळी होती. पावडरबाईने ती स्वतःच्या कानांनी ऐकली होती, कोर्टाच्या शेवटच्या बाकावर बसून. समोर पिंजऱ्यात तिचा धाकटा भाऊ उभा होता.

आई गेल्यापासून धाकट्याला तिनेच वाढवलं. तो रंगारी होता, परांचीवर चढून लोकांच्या भिंती रंगवायचा. पाठ धरली की संध्याकाळी चार झुरके ओढायचा आणि ताईला दिसू नये म्हणून गच्चीवर जायचा. ताईला खालपर्यंत वास यायचा. ती वर जाऊन त्याला यथेच्छ शिव्या घालायची आणि खाली येऊन त्याचं ताट वाढायची. एकदा परगावचं काम निघालं. ते लांबणार, तिकडे ओळखीचं कुणी नाही, म्हणून त्याने पुडी एकदम मोठी घेतली आणि ब्रशांच्या डब्यात ठेवली. रस्त्यात झडती झाली. थोडी थोडी घेतली असती तर दंडावर सुटला असता, एकदम घेतली म्हणून कायद्याने तो विकणारा ठरला. "समाजाला लागलेली ही कीड मुळासकट उपटली पाहिजे," असं म्हणून साहेबांनी त्याला पुढची सगळी तारुण्याची वर्षं आत काढायला लावली आणि घड्याळ पाहिलं. त्यांच्या जेवणाची वेळ झाली होती.

हेच तोंड जेव्हा पहिल्यांदा तिच्या खुर्चीत येऊन बसलं, तेव्हा पावडरबाईच्या हातातला स्पंज खाली पडला. साहेबांनी तिला ओळखलं नाही. कीड उपटणारा माणूस किडीच्या बहिणी कुठे लक्षात ठेवणार? तिने दुसरा स्पंज घेतला आणि काम उरकलं, कारण नोकरी होती, आणि खरं सांगायचं तर तिला आशा वाटली होती. हाच माणूस आता गांजा गुन्हा नाही म्हणतोय, तर ज्यांना त्यापायी आत घातलं त्यांचंही तो काहीतरी बोलेल. रोज ती पडद्याआड उभी राहून ऐकायची. करांवर बोलणं झालं, परवान्यांवर झालं, दुकानाच्या पाटीचा रंग कसा असावा यावर एक अख्खी संध्याकाळ हमरीतुमरी झाली. आत बसलेल्यांचं नाव कुणी काढलं नाही.

शेवटी तिने सूत्रसंचालकाला जिन्यात गाठलं. हा गृहस्थ रोज दोन्ही बाजूंना भांडायला लावायचा आणि स्वतःला समतोल समजायचा.

"सर, एकदा तेवढं विचारा ना. आधीपासून आत आहेत त्यांचं काय?"

"तुमचं कुणी आहे का आत?"

"भाऊ आहे."

सूत्रसंचालकाचा चेहरा एकदम उजळला. "मग तुम्हीच या की! सभागृहात कायद्यावर मतदान आहे ना, त्याच्या आदल्या दिवशी. मी विचारलं तर रोजचीच पोपटपंची. तुम्ही विचारलंत तर लोक बघतील. फक्त मेकअप करू नका हं. केस जरा मोकळे सोडा. रडू आलं तर आवरू नका. आणि त्या दोघांना आत्ता काही सांगू नका."

तुरुंगात भेटीला गेली तेव्हा तिने जाळीतून हे धाकट्याला सांगितलं. तो खूश झाला. "आमच्या बराकीत टीव्ही आहे. सगळ्यांना बघायला बसवतो."

"रडायला सांगितलंय मेल्याने."

"रडू नकोस ताई. आई गेली तेव्हासुद्धा चारचौघांत रडली नाहीस. यांच्यासाठी कशाला?"

मतदानाचा तो आदला दिवस आज उजाडला होता. ठरल्याप्रमाणे तिने तोंड धुतलं होतं, केस सोडले होते. साहेबांच्या गालावर स्पंज फिरवता फिरवता तिच्या मनात आलं, याला सगळ्यांदेखत खिंडीत पकडण्यापेक्षा इथेच माणुसकीने विचारावं. तिचं मन असं मऊ होतं, त्याला इलाज नव्हता.

"साहेब, एक विचारू? कायदा झाला की गांजापायी आत असलेले लोक सुटतील का?"

"छे हो," साहेब डोळे न उघडता म्हणाले. "त्याचं एक कलम होतं. ते समितीत काढलं आम्ही."

"का काढलं?"

"काहीतरी द्यावं लागतं ना समोरच्यांना. काय हो बाई?"

अध्यक्षबाईंनी मोबाइलमधून मान वर केली. "मग! आमच्या लोकांना आम्ही तोंड काय दाखवणार? दुकानं तुमची, कैदी आमचे." आणि दोघंही मनापासून हसली.

"याच खोलीत तर ठरलं," साहेब म्हणाले. "तुम्ही होतात की. कॉफी आणून दिलीत."

तिला ती कॉफी आठवली. गोड बोलून दोघांनी तिला खाली पिटाळलं होतं, आणि साहेबांची बिनसाखरेची, बाईंची जास्त दुधाची, असं नीट लक्षात ठेवून ती घेऊन आली होती. ते दोन कप आणायला ती गेली तेवढ्यात तिच्या भावाचा निकाल दुसऱ्यांदा लागला होता. तिने साहेबांचं नाक पुरं केलं. मग अध्यक्षबाईंना तीच पावडर, तोच डबा. दोघं बाहेर गेल्यावर ती आजवर कधी बसली नव्हती त्या खुर्चीत बसली, केस घट्ट बांधले आणि आरशात बघत स्वतःचा चेहरा केला, पाहुण्यांचा करते तितक्याच काळजीने.

सूत्रसंचालक बोलवायला आला आणि दारातच थबकला. "हे काय? तुम्हाला सांगितलं होतं ना! बहिणीसारख्या दिसत नाही तुम्ही."

"अशीच येते. नको असेल तर राहू द्या."

त्याच्याकडे वेळ उरला नव्हता. दिव्यांखाली चौथी खुर्ची मांडली होती. तिला बसताना पाहून साहेबांना वाटलं, खुर्ची पुसायला आली असेल. सूत्रसंचालकाने भिजलेल्या आवाजात तिची ओळख करून दिली, एका अभागी बहिणीचा आक्रोश वगैरे, आणि तिच्याकडे वळला.

ती आक्रोश वगैरे काही करायला गेली नाही. "माझा भाऊ रंगारी आहे. त्याला या साहेबांनी शिक्षा दिली," ती म्हणाली. "आत आहेत त्यांना सोडायचं कलम कायद्यात होतं. ते या साहेबांनी आणि या बाईंनी मिळून काढलं. मेकअपच्या खोलीत, कॉफी पिता पिता. हे रोज तुमच्यासमोर भांडतात ते खोटं आहे."

सूत्रसंचालकाने घाईघाईने विश्रांती जाहीर केली आणि जाहिराती सुरू झाल्या. साहेबांच्या कपाळावर घामाचे थेंब जमले होते. बाईंच्या डोळ्यांतलं काजळ खाली उतरलं होतं, यावेळी खरोखरचं.

"पावडर!" कॅमेऱ्यामागून कुणीतरी सवयीने ओरडलं.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. साहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि स्वतःच कपाळ पुसलं. रुमालाला त्यांचा अर्धा चेहरा लागला. कार्यक्रम पुन्हा सुरू झाला तेव्हा चौथी खुर्ची तिथे नव्हती आणि सूत्रसंचालक पाटीच्या रंगाबद्दल विचारत होता.

दुसऱ्या दिवशी कायदा झाला. साहेबांना हार घातले गेले, अध्यक्षबाईंनी निषेध केला आणि संध्याकाळी दोघांना नवीन मुलीने पावडर लावली. जुनीला सकाळीच फोनवर सांगण्यात आलं होतं की आजपासून येऊ नका. सांगणाऱ्याने तेव्हासुद्धा तिला पावडरबाईच म्हटलं.

भेटीच्या दिवशी धाकटा जाळीपलीकडे आला तो दाढी करून, केस विंचरून. इतका स्वच्छ तो कित्येक वर्षांत दिसला नव्हता.

"ताई, काय झकास दिसत होतीस! तू बोलायला लागलीस आणि आख्ख्या बराकीने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. पुढचं काही ऐकूच आलं नाही."

"काहीच नाही?"

"अगं, नुसता गोंधळ. मग दुसऱ्या दिवशी कळलं, कायदा झाला. आमच्यातले सगळे नाचले. साबण, भांडी, काय काय वाटून टाकलं. मी माझी चादर शेजारच्या म्हाताऱ्याला दिली. तो खुनाचा आहे, त्याला कायमचंच राहायचंय. कधी सोडतायत गं आम्हाला?"

तिने सांगितलं. सोपं करून सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं, म्हणून होतं तसंच सांगितलं, कलम, दोन कप कॉफी, सगळं. तो जाळीला हात लावून ऐकत राहिला. मागे कुणीतरी वेळ संपत आल्याचं ओरडलं. एवढी तोंडं तिने रंगवून बाहेर पाठवली होती, पण या तोंडावरचं काहीही तिला झाकता येत नव्हतं.

मग तो म्हणाला, "म्हाताऱ्याकडून परत कशी मागू? त्याने उशाला घेतलीय ती." आणि जायला वळता वळता थांबला. "पुढच्या वेळी येताना एक चादर आण. जुनी चालेल."