भुतं समुद्र ओलांडत नाहीत

ओल्या लोकरीचा आणि उकळून कडवट झालेल्या चहाचा वास आला की मला नोराआंटी खिडकीशी उभ्या दिसतात; काचेवर तळवा टेकलेला, दृष्टी बंदराच्या करड्या पाण्यावर स्थिरावलेली. २०१६ साली मी वसईहून हॅलिफॅक्सला नर्सच्या नोकरीसाठी आले आणि त्यांच्या घरातली वरची खोली भाड्याने घेतली. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं गाव सोडून त्या विशीत इथे आल्या होत्या. आता ऐंशीला टेकल्या होत्या. पलीकडचा किनारा हात लावावा इतका जवळ दिसला, धुराड्यातून काजळी झडली, किंवा मांजर विस्तवाकडे पाठ करून बसलं, की त्या जिन्यापाशी येऊन म्हणत, "छत्री ने, पोरी." फोनवरचं वेदर ॲप चुके, त्या क्वचितच.

पानगळीतल्या एका धूसर दुपारी मी विचारलं, "दर वेळी न चुकता का सांगता?"

त्या सांगू लागल्या. त्यांच्या गावच्या विहिरीपाशी वादळाआधी ओली शाल पांघरलेली एक बाई दिसे; बुडालेल्या नवऱ्याची वाट पाहत मेलेली. ती दिसली की होड्या निघत नसत. चौदाव्या वर्षी, आभाळ निरभ्र असताना, ती नोराला दिसली. थोरला भाऊ मायकल जाळं खांद्यावर टाकून निघालाच होता.

"तो हसेल म्हणून मी गप्प बसले," त्या म्हणाल्या. मायकल परतला नाही.

माझे वडीलही होडीवर जात. मला हसू आलं नाही. "तो नंतर कधी दिसला का तुम्हाला?"

"भुतं समुद्र ओलांडत नाहीत. ओलांडून मीच आले."

पुढच्या सप्टेंबरात त्यांनी मला स्वतःसाठी आयर्लंडचं तिकीट काढायला लावलं. तीन आठवड्यांनी विमानतळावर आणायला गेले, तेव्हा त्या अधिकच कृश झाल्या होत्या, पण चेहरा सर येऊन गेलेल्या आभाळासारखा निवळला होता. बॅग घेत मी हळूच विचारलं, "दिसला?"

"नाही. रोज सकाळी किनाऱ्यावर बसायचे. शेवटच्या दिवशी मोठ्याने म्हटलं, मायकल, आज जाऊ नकोस. मग उठले."

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्या गेल्या. वाऱ्यावर सोडलेले ते शब्द कुणाला पोचले का, मला ठाऊक नाही. पण काळ पुढेच जातो हे आठवणीला कधी पटत नाही, ती गेलेल्या माणसाला अजून दारातच गाठायला धावत असते.