खुंटीभोवतीचं जंगल

मी एक लोखंडी खुंटी बोलतेय. कपडे अडकवायची नव्हे, जमिनीत ठोकायची. मला पाहून कुणी थांबत नाही. फार तर माझ्यावर ठेचकाळतं. पण या देशात जंगल वाढलं की घटलं, हे विचारायचं असेल तर माझ्याकडे आणि माझ्या बहिणींकडेच यावं लागतं.

आम्ही सगळ्या पाइपाचे तुकडे. वर्कशॉपमध्ये आमचं एक टोक घासून धारदार केलं आणि आम्हाला देशभर वाटून टाकलं. माझ्या वाट्याला ही टेकडी आली. मला ठोकणारा मोजणीदार उंच, अबोल माणूस होता. माझ्यापासून टेप धरून त्याने एक गोल आखला. गोलातल्या प्रत्येक झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजला आणि ते झाड कुणी लावलेलं की आपलं आपण उगवलेलं, तेही टिपलं. दर दहा वर्षांनी कुणीतरी यावं आणि हाच गोल पुन्हा मोजावा, अशी ही रीत. माझा एवढासा गोल अख्ख्या टेकडीच्या वतीने बोलणार होता. मला माझ्या कामाचा अभिमान वाटला आणि तो अजून गेलेला नाही.

आपलं आपण उगवलेलं जंगल मला फार आवडतं. कुणी खड्डा खणत नाही, पाणी घालत नाही. पक्षी बी टाकतात, तोडलेल्या बुंध्याला धुमारे फुटतात, आणि लहानमोठी झाडं एकमेकांना कोपरानं ढकलत वर येतात. लावलेलं जंगल म्हणजे शाळेची कवायत. एक जात, एक उंची, सरळ रांगा. त्याचाही उपयोग असतो, नाही असं नाही. पण एक गेलं म्हणून दुसरं आलं, आणि हिशेब बरोबर, असं मात्र होत नाही.

टेकडीची राखण एका वनरक्षकाकडे होती. त्यांची पुतणी लहानपणी त्यांच्या मागे मागे फिरायची. तिच्यामुळे सगळेच त्यांना काका म्हणू लागले. काकांचा माझ्यावर जीव. दर वर्षी मला लाल रंग द्यायचे, भोवतीचा पाचोळा झाडायचे. पुढे वरून हुकूम आला, टेकडी साफ करून रांगेत रोपं लावा. ठेकेदाराची माणसं करवती घेऊन माझ्यापर्यंत पोचली तेव्हा काका आडवे उभे राहिले.

"इथे सरकारी खुंटी आहे. हिच्या गोलातल्या एका फांदीला हात लावायचा नाही."

करवती वळसा घालून पुढे गेल्या. टेकडी उघडी झाली आणि माझा गोल तेवढा हिरवागार उरला. काकांनी त्याला जाळीचं कुंपणही घातलं. पाहुणे येणार म्हटल्यावर घरातली बाहेरची खोली आवरावी, तसं.

पुढची मोजणी झाली. मोजणारे घाईत होते. गोल मोजला, खूश झाले, निघून गेले. मोठ्या कचेरीत लिहिलं गेलं, टेकडीवरचं आपोआप उगवलेलं जंगल जसंच्या तसं आहे. मग शेजारच्या उतारावरही रांगा लावायला हरकत कुणाची असणार?

त्यानंतरच्या मोजणीला ती पुतणी आली. दूरवर शिकून, मोजणीदार होऊन.

"काका, खुंटी रंगवली कोणी?"

"मीच. दर वर्षी रंगवतो. बघ, गंजाचा ठिपका नाही."

"आणि ही जाळी?"

"शेळ्या येतात ना. तुझ्या आईच्याच आहेत, दुसऱ्या कुणाच्या?"

"शेळ्या बाकीच्या टेकडीवरही जातात की."

"तिथे खुंटी कुठे आहे?"

ती खळखळून हसली. मग माझ्याशेजारी बसली आणि तिचं हसू ओसरलं. तिने काकांना समजावलं, हा गोल टेकडीचा नमुना राहिलेला नाही, तो तुमचं अंगण झालाय. हेच आकडे वर गेले तर शेजारचा उतारही जाईल. ही खुंटी काढायला हवी.

काकांचा चेहरा उतरला. "खुंटी आहे म्हणून ही झाडं आहेत. ती गेली की उद्या ठेकेदार येईल. शहाणपण शिकलीस ते माझी झाडं पाडायला?"

"खोटं बोलून किती झाडं वाचवाल? एक गोल. बाकीची टेकडी?"

काका जाळीपर्यंत जाऊन बाहेरच्या रांगा बघून आले. शेवटी काकांनीच दोन्ही हातांनी मला हलवून हलवून उपटलं. "लिही," ते म्हणाले. "मी राखलं म्हणून राहिलं आणि बाहेरचं गेलं, असंच लिही."

आपोआप उगवलेल्या जंगलाचा आकडा धाडकन खाली आला. कचेरीतून साहेब तपासायला धावत आले. काकांनी त्यांना फक्त जाळीजवळ उभं केलं.

"साहेब, आत बघा. आता बाहेर बघा. माझं एवढंच म्हणणं आहे."

साहेबांनी दोन्हीकडे पाहिलं. बाहेर, रांगांच्या मधोमध, आतल्या झाडांची पिल्लं वर आलेली होती; मजूर दर वर्षी ती तण म्हणून काढून टाकत. ती काढणं थांबलं. गोल बियांसाठी राखला. शेजारच्या उताराला करवत लागायची नाही, असं ठरलं. शेळ्या टेकडीवर न सोडण्याचं बोलणं काकांनी वहिनींशी केलं. ते सर्वांत अवघड गेलं म्हणतात.

माझी नवी जागा याच टेकडीवर कुठेतरी, चिठ्ठी काढावी तशी, संगणकाने निवडली. मला घेऊन निघताना पुतणी म्हणाली, "काका, तुम्ही खालीच थांबा आणि जरा तिकडे तोंड करा."

"का गं? चोरी करतेयस?"

"लपवतेय. तुमच्यापासूनच."

तिने माझा लाल रंग खरवडला, मला मातीच्या पातळीखाली ठोकलं आणि वर पाला पसरला. पुढच्या मोजणीला धातू हुडकणारं यंत्र मला शोधून काढेल. तोवर कुणी मला रंगवू नका, माझ्याभोवती झाडू नका, माझ्यासाठी एक फांदीही वाचवू नका. माझ्यावरून खुशाल चालत जा. जंगलाला परतायचं कसं ते ठाऊक आहे. तुम्ही वाट अडवू नका. ते परतलं की मी तसंच सांगेन, आणि नाही परतलं तर तेही.

काका आता निवृत्त झालेत, तरी रोज संध्याकाळी येतात. मी नेमकी कुठे आहे, ते त्यांना काही केल्या सापडत नाही. म्हणून बिचारे अख्खी टेकडी राखतात.