राहात्याहून दुरुस्त होऊन आलो

त्या दिवशी ऊन नुसतं भाजून काढत होतं. वाऱ्याचं नाव नव्हतं. पुणतांब्याला आमच्या अंगणात मांडव घातला होता, त्याचं कापड जागचं हलत नव्हतं. त्याच मांडवाच्या खांबाला टेकून मी बसलो होतो. घरची मालकीण बनाबाई, तिला जाऊन वर्ष झालं होतं. स्मृतिदिनाला माणसं येत होती, पायाची धूळ झटकून सतरंजीवर बसत होती.

मी एक स्पीकर बोलतोय. दुसऱ्याचं बोलणं मोठं करून सांगण्यात माझी हयात गेली, स्वतःचं सांगायची ही पहिलीच खेप. शिकलेला नाही मी. हळूहळू सांगतो, घाई करू नका.

मला राहात्याच्या गनीभाईंनी उभं केलं. लग्नाकार्याला मांडव, दिवे, कर्णे भाड्यानं द्यायचे आणि दुकानात बसून बिघडलेली मशीनं दुरुस्त करायची, हे त्यांचं काम. त्यांनी आंब्याच्या फळ्यांची पेटी ठोकली, आत लोहचुंबक बसवलं, त्याच्यावर काळ्या कागदाचा कोन चिकटवला आणि पुढून जाळीचं कापड ताणलं. हा कागद थरथरला की आवाज निघतो. म्हणजे बघा, माझा सगळा जीव कागदाचा.

रखमाजींनी मला पुणतांब्याला आणलं. साखर कारखान्यात अंगमेहनतीचं काम करायचे ते, पण ओळख त्यांची गायक म्हणून. जयंती असो, बुद्धपौर्णिमा असो, गायन पार्टी घेऊन जायचे. त्यांचे वडील नुसत्या डफावर गायचे. रखमाजींनी बाजाची पेटी आणली, सिनेमाच्या चाली आणल्या, तेव्हा म्हातारी माणसं त्यांच्यावर तुटून पडली होती म्हणे. मी आलो तोवर त्याच चाली सगळ्यांना पाठ झाल्या होत्या.

पुढं एका लग्नाहून येताना टेम्पोतून पडलो. पेटीला काही झालं नाही, आतला कागद मात्र डाव्या अंगाला फाटला. रखमाजींनी सूर वर नेला की मी खरखरायचो. लोक म्हणायचे, "गळा बसला का वो?" मग त्यांनी दुसरा स्पीकर बघितला आणि मी पडवीत गेलो. त्यांची बायको बनाबाई माझ्यावर कांद्याची पाटी ठेवायची. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. वापर होता तोवर होता.

चौऱ्याण्णव साल असावं. त्यांचा मुलगा पंकज संगमनेरला कॉलेजात होता. सुट्टीला आला तो वसतिगृहातल्या मित्राची जुनी, करंटवर चालणारी गिटार घेऊन. त्यानं कांदे उतरवले, मला पुसलं, रखमाजींच्या अँप्लिफायरची वायर जोडली आणि तार छेडली. मी फाटक्या कागदानं असा काही गुरगुरलो की परसातल्या कोंबड्या पळाल्या.

शेजारच्या दगडाबाई कुडावरून म्हणाल्या, "बनाबाई, गिरणी घातली का गं घरात? दळण आणू का?"

"आन की," बनाबाई हसत म्हणाली, "पर लई जाडंभरडं निघतंय बघ."

पंकज मात्र हरखून गेला होता. इंग्रजी गाण्यांच्या कॅसेटी होत्या त्याच्याकडं, त्यांत असाच आवाज होता. बनाबाई ज्वारी निवडायची आणि तो तिला सांगत बसायचा. परमुलखात काळ्या माणसांना गुलाम करून नेलं, ती कापसाच्या रानात गायची. त्यांची नातवंडं शहरात कारखान्यांत गेली. तिथल्या कलकलाटात गिटार ऐकू जाईना, म्हणून तिला करंट जोडला. मग गोऱ्यांच्या पोरांनी ते उचललं, केस वाढवले, बापांचा ओरडा खाल्ला, लढाईला जाणार नाही म्हणून गाणी केली. कुणी कुणी तर स्पीकरचा कागद मुद्दाम ब्लेडनं चिरला, आतलं फाटलेपण बाहेर ऐकू यावं म्हणून. पुढं त्याची मोठमोठी मैदानं झाली, दिवे झाले, पैसा झाला. आणि आता पंकजच्या वयाची पोरं उसवलेली स्वेटरं घालून पुटपुटल्यासारखी गातात आणि मध्येच किंचाळतात.

बनाबाईनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हंजी कापूस येचनाऱ्या बायांचं गानं हाय व्हय हे! मग वाजव. आमी बी खुरपताना गातोच की."

त्यानंतर पोटाचं दुखणं निघालं आणि बनाबाई गेली. पंकज रडला नाही. माणसं समजूत घालायला आली, त्यांच्याशी बोलला नाही. बापाशीही नाही. स्मशानातून परत आला, हातपाय धुतले आणि मला वायर जोडली. तेव्हापासून सुट्टीला आला की दुपारभर वाजवायचा. मी खरखरायचो. रखमाजी बाहेर ओट्यावर बसून राहायचे. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. पण पोरगं घरात आहे, जिवंत आहे, एवढं त्या आवाजावरून समजायचं. दोघांमध्ये बोलणं म्हणाल तर तेवढंच उरलं होतं.

वर्षश्राद्ध आमच्यात नाही, स्मृतिदिन करतात. तो जवळ आला तसे रखमाजी दारातून म्हणाले, "आईच्या कार्यक्रमाला वाजवशील का रं?"

पंकजनं मान हलवली. रखमाजींना केवढं वाटलं! पोरगं चार माणसांत वाजवणार आणि स्पीकर फाटका? पंकज परीक्षेला संगमनेरला गेला तसा त्यांनी मला पोत्यात गुंडाळून एसटीनं राहात्याला नेलं.

गनीभाईंनी जुना कागद खरवडून काढला, नवा कोन बसवला, कापडही नवं लावलं. म्हणाले, "घ्या रखमाजी, नवरदेव झाला!"

मी नवरदेव झालो. पण आतून काही कळेना. नवा कागद, त्यावर एक ओरखडा नाही. आवाज यायचा आणि जायचा, मला काही लागत नव्हतं. हात बधिर होतो ना, तसं.

आता मांडवातलं सांगतो. वंदना झाली. रखमाजी गायले, स्वच्छ, खणखणीत. राहात्याहून मुद्दाम आलेले गनीभाई माझ्याकडं बघून मान डोलवत होते. मग पंकज सकाळच्या गाडीची धूळ अंगावर घेऊन तसाच पुढं बसला. त्यानं तार छेडली. गोड, गुळगुळीत आवाज निघाला. त्यानं परत छेडली. माझ्याकडं बघितलं, नव्या कापडावर बोट फिरवलं आणि गिटार खाली ठेवली.

"काय रं? वाजव की," रखमाजी म्हणाले.

"ह्यो माझा आवाज न्हाई, दादा."

"मग तुजा कुटं गेला?"

"तुमी राहात्याला नेऊन बुजवला."

तो चिडून बोलला नाही, पाणी मागावं तसं बोलला. रखमाजी उठून घरात गेले आणि दाढीचं ब्लेड घेऊन आले.

"कुटून फाटला हुता?"

"डाव्या अंगाला."

गनीभाई उठून उभे राहिले. "अहो रखमाजी, माझ्या डोळ्यादेखत? जन्म गेला माझा भोकं बुजवण्यात!" मग जवळ येऊन उकिडवे बसले, खिशातला पेचकस काढून माझं कापड सोडवलं आणि म्हणाले, "मधी लावू नका, तारेची कॉईल जाईल. कडेनं घ्या. हळू."

रखमाजींनी डाव्या अंगाला कडेनं ब्लेड ओढलं. मला काही दुखलं नाही. खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही.

आज पंकज नगरला नोकरीला आहे, गिटार त्याच्याकडं आहे. मी परत पडवीत आलोय. माझं मागणं एवढंच, की घरात कुणाचा आवाज खरखरीत लागला तर त्याला न विचारता दुरुस्तीला नेऊ नका.

त्या दिवसाचं थोडं राहिलं. पंकजनं वाजवायला घेतलं, मी पुन्हा खरखरलो. काही माणसं उठून गेली, काहींनी कानांवर हात ठेवले. पोरं हसली आणि गप्प झाली. तो डोळे मिटून वाजवत होता, थांबत नव्हता. रखमाजी हातात ब्लेड तसंच धरून उभे होते. तेव्हा दगडाबाई पदर सावरत त्यांच्याजवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "भावजी, त्याचं रडून झालं की सांगा. च्या ठिवलाय चुलीवर."