डोळे मिटून सांगितलेलं

नाताळ तोंडावर आला होता आणि माझं बूड एका जागी टेकत नव्हतं.

बॅग भरून पलंगाखाली ठेवलेली होती. ती बाहेर ओढायची, उघडायची, छकुलीचा फ्रॉक वर काढून ठेवायचा, वर चुरगळेल म्हणून परत तळाशी घालायचा, बॅग आत ढकलायची. मग खिडकी. खिडकीतून दिसायचं काय, तर समोरच्या इमारतीची भिंत आणि खाली बसथांबा. बस आली की कोण उतरतंय ते मी निरखून बघायची, जसं काही माझ्याच घरचं कुणी येणार होतं. बस गेली की ओटा पुसायचा. ओटा आधीच पुसलेला असायचा.

"अगं, बस जरा," मास्तर म्हणायचे.

"बसून काय करू?"

"मी बसलोय तशी बस."

त्यांना काय, बसायची सवय होती. मास्तर म्हणजे माझे यजमान. उभं आयुष्य शाळेत गेलं, सगळे मास्तर म्हणायचे, म्हणून मीही म्हणते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या दाराजवळ एक वेताची खुर्ची टाकली आणि तिच्यात जे बसले, ते आमच्या चर्चच्या मंडळीनं आम्हा दोघांना एका वर्षासाठी मिशनरी म्हणून परदेशी पाठवायचं ठरवलं तेव्हाच उठले. मी मात्र कधी बसले नाही. मागच्या खोलीत माझं पाळणाघर होतं. आता ते सून एकटी चालवत होती आणि तिच्या नाकी नऊ आले होते. छकुली, माझी नात, मी निघाले तेव्हा कडेवरून उतरायला तयार नव्हती. आता फोनवर मी दिसले की म्हणते, "फोनमधली आजी." बाहेरची आजी कोण आहे मग, असं विचारावंसं वाटतं.

वर्षभर राहायचं, नाताळ झाला की परत, असं ठरलं होतं. तिकिटं नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यातली होती. मी त्या तिकिटांवर दिवस काढत होते.

काम वाईट नव्हतं. आमच्या खोल्यांपासून काही थांब्यांवर एक वृद्धाश्रम होता. तिथल्या म्हाताऱ्यांशी बोलायचं, त्यांना भरवायचं, गाणी म्हणायची, प्रार्थना करायची. मला त्यात नवीन काही वाटलं नाही. पाळणाघरात लेकरं सांडतात, इथे आजोबा सांडायचे. तिथे दुपारी झोपायला कुणी तयार नसतं, इथे जागं राहायला. फक्त इथल्यांना उचलून घेता येत नाही.

वाईट होता तो नियम. मिशनरी जोडप्यानं जोडीनं जायचं आणि जोडीनं यायचं. एकट्यानं कुणाच्या घरी जायचं नाही, एकट्यानं काम करायचं नाही. मास्तर पडले नियमाचे पक्के, त्यांनी तो दुधापर्यंत नेला. मी दूध आणायला निघाले की मागे हे. कपडे धुवायला तळघरातल्या मशिनपाशी गेले की मागे हे, स्टुलावर. इतकी वर्षं आमचा संसार सुखाचा झाला, कारण दिवसभर हे शाळेत असायचे आणि मी पाळणाघरात, हे मला इथे येऊन समजलं.

आणि एक गोष्ट सांगायला हवी. जे मला सांगायचा धीर होत नाही, ते मास्तर देवाला सांगतात. मोठ्यानं, माझ्यासमोर, डोळे मिटून. सासूबाई आमच्याकडे कायमच्या राहायला येणार, हे मला जेवणाच्या प्रार्थनेत कळलं. "प्रभू, आईला या घरात सुखाचे दिवस दाखव." मी भाताचं भांडं हातात धरून उभी. मास्तरांनी लांबच्या गावची बदली आपण होऊन मागून घेतली, तेही असंच कळलं. प्रार्थनेत मधे बोलता येत नाही. संपेपर्यंत भात गार होतो आणि माझा राग निम्मा. शिवाय शेवटी आमेन म्हणावंच लागतं. आणि एकदा आमेन म्हटलं की माझी संमती मिळाली, असं मास्तर धरून चालतात.

इथे सुरुवातीला ते इथल्याच भाषेत प्रार्थना करायचे. अडखळत, शब्द शोधत, चटकन संपायची. मग एकदा एका आजोबांना त्यांची दया आली आणि ते म्हणाले, तुम्ही आपल्या भाषेत करा, देवाला सगळ्या येतात. झालं. तेव्हापासून मास्तरांचा लगाम सुटला. मराठीत अशी काही लांब प्रार्थना चालायची, की आश्रमातली निम्मी माणसं डुलक्या घ्यायची. पण सगळ्यांना ती आवडायची. आवाज छान लागतो म्हणायचे. मी डोळे मिटून संध्याकाळी काय शिजवायचं याचा विचार करायची.

नाताळच्या आधी इथले पाळक, म्हणजे इथल्या चर्चचे धर्मगुरू, आमच्याकडे आले. पोरगेलासा माणूस, इतका उंच की आमच्या दारातून वाकून यावं लागायचं. त्यांनी माझ्यासाठी लोकरीचं अस्तर असलेले बूट आणले होते. म्हणाले, "खरी थंडी अजून पुढे आहे."

"मला काय करायचे?" मी मास्तरांना मराठीत म्हटलं. "खरी थंडी येईल तेव्हा मी घरी असेन."

मास्तरांनी ते पाळकांना काही सांगितलं नाही. खिडकीबाहेर बघत राहिले. पाळक मास्तरांचा हात दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ हलवत होते. मला वाटलं, नाताळ आहे, माणूस खुशीत आहे. बूट मी दारामागे ठेवून दिले.

मास्तरांनी अजून आपली बॅग भरली नव्हती. विचारलं की म्हणायचे, "माझं काय, दोन शर्ट." हेही मी मनावर घेतलं नाही. माझा सगळा जीव विमानाला लागला होता.

नाताळच्या दुपारी आश्रमाच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. खिडकीत कागदी तारा, भिंतीला लावलेल्या खुर्च्या, टेबलावर केक आणि कप. हीटर इतका तापवलेला की मला घाम फुटला होता. माझ्या शेजारी कोटवाल्या आजी. या आजी बारा महिने अंगात कोट आणि मांडीवर पर्स घेऊन बसायच्या, कधीही निघायची वेळ येईल म्हणून. बाकीचे त्यांना हसायचे. मी नाही हसले कधी. माझी बॅग कुठे होती ते मला माहीत होतं.

गाणी झाली. मुलांनी गायची गाणी ऐंशी वर्षांच्या माणसांनी गायली, मधेच शब्द विसरत. पाळक चार शब्द बोलले. मग मास्तर प्रार्थनेला उठले. सगळ्यांनी डोळे मिटले. कोटवाल्या आजींचा कप थरथरत होता, म्हणून मी एक डोळा उघडा ठेवला होता आणि एक कान मास्तरांकडे.

मास्तरांनी वर्षभराचे आभार मानले. जेवणाचे, गरम खोलीचे, या मंडळींचे. मग आवाज जरा खाली आला.

"आणि प्रभू, अजून एक वर्ष तू आम्हाला इथे सेवेला ठेवतो आहेस, त्याबद्दल तुझे आभार. पाळकसाहेबांना मी हो म्हटलं आहे. तिकिटं पुढे ढकलायचं बोलणंही झालं आहे. जिला हे सांगायचं राहिलं, तिचं मन तू तयार कर. येशूच्या नावाने मागतो, आमेन."

"आमेन," सगळे म्हणाले. डुलकी घेणारेही म्हणाले.

माझ्या तोंडून निघालं नाही. हॉलभर माणसं होती आणि त्यात हे मराठी समजणारी मी एकटी. बाकी सगळे हसऱ्या चेहऱ्यानं डोळे उघडत होते, कपांकडे हात जात होते. मास्तर पायाकडे बघत आपल्या जागेवर जायला निघाले. नेहमीसारखंच झालं होतं. थोड्या वेळानं केक खायचा, बसनं घरी जायचं, आणि दारामागचे बूट पायात घालायचे.

मी उठले.

"मला पण प्रार्थना करायची आहे," मी पाळकांना म्हटलं. वर्षभरात मी कधी सगळ्यांसमोर तोंड उघडलं नव्हतं. पाळकांना इतका आनंद झाला की त्यांनी कप ठेवून दिला. सगळ्यांनी परत डोळे मिटले. मीही मिटले, म्हणजे मास्तरांचं तोंड दिसायला नको.

"हे प्रभू," मी म्हटलं, "तू सगळं जाणतोस. मास्तरांनी हे तुला सांगितलं, पाळकांना सांगितलं आणि मला सांगितलं नाही, हे तू जाणतोस. इतक्या वर्षांत मला घरातली एक बातमी कधी सरळ कळली नाही, प्रत्येक तुझ्याकडून फिरून आली, हेही जाणतोस. तुला बाकी कामं नाहीत का?"

इथे माझा आवाज चिरकला. कोटवाल्या आजींनी माझा हात धरला.

"माझं तिकीट आहे त्या दिवशी मी जाणार. माझी नात मला फोनमधली म्हणते. मला तिला उचलून घ्यायचं आहे. माझी सून थकली आहे. मास्तरांना राहायचं असेल तर राहू दे. तांदूळ कुठल्या डब्यात आहे ते त्यांना दाखव, कारण त्यांना माहीत नाही. आणि जोडीनंच काम करायचा नियम असेल, तर त्यांना दुसरी जोडीदार बघून दे. मी इथे आणखी एक वर्ष राहिले तर मला वेड लागेल, प्रभू. आमेन."

"आमेन." सगळा हॉल म्हणाला, आधीपेक्षा मोठ्यानं. पाळकांचे डोळे भरून आले होते. एक आजोबा म्हणाले, यांच्या प्रार्थनेत जास्त जीव आहे. कोटवाल्या आजी माझा हात सोडेनात.

मास्तरांनी तेवढं आमेन म्हटलं नाही. ते डोळे मिटायला विसरले असावेत. माझ्याकडेच बघत होते.

बस जवळजवळ रिकामी होती. दुकानं बंद, दिवे तेवढे लागलेले, रस्त्यावर माणूस नाही. मास्तर खिडकीशी बसले, मी शेजारी. मला रडायला येत होतं आणि रागही येत होता, आणि एकाच वेळी दोन्ही कसं करायचं ते जमत नव्हतं. थांबा आल्यावर मी उतरून भराभर पुढे निघाले. मागे त्यांची पावलं वाजत होती, नियमाप्रमाणे.

घरी येऊन मी भात टाकला, अंडी उकडली. ताटं केली. नाताळचं जेवण म्हणून मी काय काय ठरवलं होतं, ते सगळं डोक्यातून गेलं होतं. मास्तर टेबलाशी बसले. हात जोडले, डोळे मिटले.

"प्रभू," त्यांनी सुरू केलं, "या अन्नाबद्दल..."

"डोळे उघडा," मी म्हटलं.

त्यांनी उघडले. त्यांच्या प्रार्थनेत मी कधी बोलले नव्हते.

"देवाला नंतर सांगा. मला सांगा. इकडे बघून."

मास्तरांनी मीठदाणी उचलली, खाली ठेवली, परत उचलली. शाळेत सगळा वर्ग चळचळा कापायचा या माणसाला.

"मला घरी जायची भीती वाटते," ते म्हणाले.

"कशाची भीती?"

"त्या खुर्चीची. घरी गेलो की मी तिच्यात बसणार. आणि तुम्ही सगळे मला वळसा घालून कामाला जाणार. इथे सकाळी उठलं की माझी कुणीतरी वाट बघत असतं." एवढं बोलून त्यांनी मीठदाणी खाली ठेवली. "तुला आधी विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते."

"म्हणून नाही विचारलं."

मला त्यांचा फार राग आला आणि फार वाईट वाटलं. पण थांबावंसं वाटलं नाही. ते मी त्यांना सांगितलं. म्हटलं, "मी थांबणार नाही, मास्तर. काही झालं तरी नाही."

"हं."

"पण ती खुर्ची दारात राहणार नाही. घरी गेल्यावर पहिलं काम ते. मागच्या खोलीत नेऊन ठेवायची, पाळणाघरात."

"लेकरांना वेताची खुर्ची कशाला?"

"लेकरांना नाही, तुम्हाला. दुपारी त्यातलं एकही झोपत नाही. सून रडकुंडीला येते. तुमच्या प्रार्थनेनं इथली सगळी माणसं डोलायला लागतात, लेकरं काय चीज आहेत."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. थट्टा आहे की खरं, ते त्यांना कळत नव्हतं. थट्टा नव्हती. बसमध्ये सगळा वेळ मी तेच ठरवत होते, फक्त त्यांना कळू दिलं नव्हतं.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज. सुट्टी नाही."

मग ते उठले, फोन घेऊन खिडकीशी गेले आणि पाळकांना लावला. त्यांची पाठ माझ्याकडे होती. इथल्या भाषेत, अडखळत, शब्द शोधत ते बोलत होते. नाही म्हणायचा शब्द त्यांनी दोनदा म्हटला. मग बराच वेळ पलीकडचं ऐकत राहिले. त्यांचे खांदे पडलेले दिसले तेव्हा माझे हात चमच्याशी चाळा करायला लागले. उठून फोन काढून घ्यावा, राहू म्हणून सांगावं, असं क्षणभर वाटलं. मी खुर्ची घट्ट धरून बसून राहिले. त्या दिवसांत मी पहिल्यांदाच एका जागी बसले असेन.

ते येऊन बसले.

"काय म्हणाले?"

"वाईट वाटलं त्यांना. म्हणाले, चला, आत्ता फोनवरच प्रार्थना करू या."

"मग?"

मास्तरांनी ताट पुढे ओढलं.

"मी म्हटलं, नंतर करू. जेवण गार होतंय."

भात खरोखरच गार झाला होता. आम्ही तो तसाच खाल्ला.