एका रुपयासाठी परत आलेला चेक

मित्रांनो, मी एक जुना चेक आहे. पाठीवर बँकेचा शिक्का आणि कपाळावर स्टेपलरची दोन भोकं, एवढीच माझी कमाई.

शिलाई मशीनच्या कर्जासाठी आकांक्षाने आम्हा बारा भावंडांवर एका बैठकीत सह्या केल्या, पुढच्या तारखा घालून. "काय सुरेख अक्षर!" असं फायनान्सवाला म्हणाला. मी फुलून गेलो. लगेच त्याने आम्हाला प्लॅस्टिकच्या पाकिटात बंद केलं.

माझी पाळी सप्टेंबरात आली. खात्यात तीन हजार होते, माझ्यावर अडीच हजार. पण त्याच आठवड्यात लालबागच्या तिच्या चाळीत गणपतीची वर्गणी मागायला मंडळ आलं. आकांक्षा त्यांच्या चेकवर पाचशे लिहायला गेली, तर सासूबाई म्हणाल्या, "अगो, देवाक शून्यावर थांबवतत काय? पाचशे एक लिही."

तो चेक माझ्या आदल्या दिवशी वटला. मला एक रुपया कमी पडला.

तेव्हापासून मी वसुलीवाल्या निलेशच्या बॅगेत होतो. परळ-दादरचे परत आलेले चेक माझ्यावर रचलेले. चेन बंद, हवा नाही.

एका सकाळी तो आकांक्षाच्या दारात उभा राहिला. तिच्या कडेवर तापाने फणफणलेली लेक नूपुर होती, मुठीत हप्त्याचे आणि डॉक्टरचे पैसे.

"मॅडम, हप्ता अडीच हजार. वर बाउन्सचे पंधराशे."

"पंधराशे कसले?"

"माझ्या खेपा धरा की!"

"एका रुपयाक पंधराशे?" आतून सासूबाई कडाडल्या. "सोन्याचो होतो काय रे तो, मेल्या?"

आकांक्षाने कपाटातून करारनामा आणला. बोट ठेवून वाचला. "चेक परत आला तर साडेतीनशे, असं लिहिलंय. खेपांचं कुठे लिहिलंय, दाखवा."

निलेशने करारनाम्याचं पान उलटून पाहिलं.

"साडेतीनशे देते. पावती फाडा. आणि चेक?"

"तो ऑफिसात आहे."

मित्रांनो, मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो! पण ओरडणार कसा?

"मग पैसेही ऑफिसातच देते," ती म्हणाली.

चेन उघडली.

तिने माझ्यावर दोन रेघा ओढल्या आणि पावतीला टाचून मला कपाटात ठेवलं. उरलेल्या पैशांत नूपुरचं औषध आलं. इथेही अंधारच आहे. माझी काही भावंडं अजून त्या पाकिटात आहेत. आकांक्षा आता प्रत्येक तारखेआधी खातं दोनदा बघते, तरी तिला धड झोप लागत नाही.

म्हणून विनवतो, सही करण्याआधी कागद वाचा. कोणी जादा पैसे मागितले तर विचारा, कुठे लिहिलंय? आम्हाला तोंड नाही, मित्रांनो. तुम्हाला आहे.